सकाळी ओळखतो, सांजेला विसरतो

पोंभुर्णा तालुक्यातल्या कोणत्याही गावात सकाळच्या पहारी एक चक्कर मारा. ओसरीत खाटेवर बसलेला, सत्तरी ओलांडलेला एखादा बुढा दिसेलच. त्याच्याजवळ घटकाभर टेका. कोणत्या बांधीत पाणी थांबते आणि कोणत्या बांधीतून निघून जाते, लुचई मागे पडून एचएमटी धान घरात कधी आले, धुऱ्यावरून शेजाऱ्याशी वाद झाला तेव्हा मोजणीला कोण आला होता, हे सारे तो खडान्‌खडा सांगेल. ऐकणाऱ्याने म्हणावे, काय डोके आहे! हाच बुढा दिवेलागणीला दारात उभा राहतो, पोटच्या पोराकडे टक लावून बघतो आणि विचारतो, "कोन व्हय गा तू? मले माह्या घरी पोचवून दे." पोरगा म्हणतो, "बाबा, हेच तर घर आहे आपलं." बुढ्याला ते पटत नाही. तो काठी घेतो आणि निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चहा मागतो, नातवाला नावाने हाक मारतो. रात्री काय झाले, ते त्याच्या गावीही नसते.

तुमच्या घरी असे घडत असेल, किंवा शेजारी घडताना तुम्ही पाहिले असेल, तर पुढचे सावकाश वाचा. तुम्ही तलाठी, ग्रामसेवक, सरपंच किंवा पोलीस पाटील असाल तर थोडे अधिकच लक्ष देऊन वाचा. अशा माणसाचा अंगठा केव्हा ना केव्हा तुमच्यासमोरच्या कागदावर उमटणार आहे.

गावात याचे अर्थ ठरलेले असतात. पहिला अर्थ असा, की बुढा सोंग करतो. सकाळी सगळे कळते आणि सांजेलाच कसे कळत नाही? सुनेला त्रास द्यायचा आहे, दुसरे काय! दुसरा अर्थ, कोणीतरी काही केले. तिसरा अर्थ सगळ्यात साधा, वय झाले, आता असेच चालायचे. हे तिन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि तिन्हींमुळे घराचे नुकसान होते. पण चौथा एक अर्थ आहे, तो याहून घातक. एखादा दिवस, कधी कधी पुरा आठवडा, माणूस अगदी पहिल्यासारखा वागतो आणि घरचे म्हणतात, "बरे झाले बाबा." मग गोळ्या बंद होतात, लक्ष ठेवणे बंद होते, आणि कोणीतरी म्हणतो, चला, आजच कचेरीत जाऊन सह्या उरकून घेऊ.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात. डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. म्हातारपणाचे साधे विसरणे वेगळे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे साधे. चष्मा हातात घेऊन हे काय आहे असे विचारणे, किंवा चाळीस वर्षे ज्या पांदणीने शेतात गेला तिथे वाट चुकणे, हा आजार. भारतात साठीच्या वरच्या लोकांचा जो मोठा अभ्यास झाला, त्याचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून अधिक, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे या आजाराची आहेत. आणि हे शहराचे दुखणे आहे असे समजू नका. त्याच अभ्यासात शहरापेक्षा खेड्यात, शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत आणि पुरुषांपेक्षा बायांत प्रमाण जास्त आढळले. हजार-बाराशे वस्तीच्या गावात साठीपुढची शंभर-सव्वाशे माणसे धरा आणि हिशेब तुम्हीच करा.

मोटार तीच, व्होल्टेज कमी-जास्त

भान येते-जाते, ते का? शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. तुमच्या बोअरची मोटार आठवा. व्होल्टेज पुरे आले की धो-धो पाणी, कमी झाले की नुसती घरघर. म्हणून कोणी मोटारीला "सोंग करते" म्हणत नाही. डोक्याचेही तसेच असते. आजाराने मेंदूच्या काही पेशी गेल्या, त्या गेल्याच. पण उरलेल्या पेशींना जागे ठेवणारी, लक्ष एका जागी धरून ठेवणारी जी रसायने मेंदूत असतात, त्यांचा पुरवठा खालीवर होतो. झोप झाली, पोट साफ आहे, उजेड आहे, घरात गडबड नाही, अशा वेळी आहे त्या पेशींवर माणूस बरे चालवतो. दिवसभर थकला, ऊन लागले, अंधारून आले, घरात पाहुणे आले की तोच माणूस कोलमडतो. सांजेला बिघडण्याचे हेच कारण. मेंदूतले दिवस-रात्रीचे घड्याळ बिघडलेले असते, त्यात अंगात थकवा आणि भिंतीवर सावल्या. मिणमिणत्या दिव्यात खुंटीवरचा सदरा त्याला माणूस वाटतो.

सगळ्या प्रकारच्या स्मृतिभ्रंशात थोडीफार चढउतार असते. अल्झायमर हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार. अलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०६ साली पहिल्यांदा त्याची मांडणी केली. यात उतार हळू असतो, जुने टिकते आणि नवे पुसले जाते. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची मोजणी आठवते आणि तासाभरापूर्वीचे जेवण आठवत नाही. "मले जेवाले देलंच नाही" असे बुढा पाहुण्याला सांगतो, तेव्हा सुनेच्या डोळ्यांत पाणी येते. तिने दिलेले असते, त्याने खाल्लेलेही असते आणि तरी तो खोटे बोलत नसतो. दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्या बुजत गेल्याचा. बीपी, साखर आणि तंबाखू हे त्याचे सोबती. आपल्याकडच्या खर्र्याचा हिशेब इथे येतो. यात माणूस पायऱ्या उतरल्यासारखा बिघडतो, मधे काही महिने तसाच राहतो, मग एकदम आणखी एक पायरी.

तिसरा प्रकार असा, की ज्यात भानाचे येणे-जाणे हेच मुख्य लक्षण असते. फ्रेडरिक लेवी या डॉक्टरने १९१२ साली मेंदूतल्या पेशींत काही गोळे पाहिले, त्यावरून त्याला लेवी बॉडी डिमेन्शिया म्हणतात. त्याचा रोगी एका तासाला स्वच्छ बोलतो आणि दुसऱ्या तासाला शून्यात बघत बसतो. दिवसा पेंगतो. अंगात ताठरपणा येतो, पाय घासत चालतो, झोपेत हातपाय झाडतो, ओरडतो. आणि त्याला माणसे दिसतात. कोपऱ्यात लहान लेकरे बसली आहेत, अंगणात कुत्री आली आहेत, खाटेशी कोणी उभे आहे, असे तो सांगतो; कित्येकदा न घाबरता सांगतो. गावात यावर लगेच काय बोलले जाते, ते तुम्हाला सांगायला नको. या प्रकारात एक गोष्ट डॉक्टरच्या कानावर घालणे फार गरजेचे आहे. "डोके शांत करणाऱ्या" म्हणून ज्या गोळ्या-इंजेक्शने दिली जातात, हॅलोपेरिडॉलसारखी, ती अशा रोग्याला फार बाधू शकतात. अंग लाकडासारखे होते, कधी जिवावर बेतते. म्हणून माणसे दिसतात, चालणे बदलले आहे, झोपेत हातपाय मारतो, हे सांगायला लाजू नका. डॉक्टरला त्यावरूनच औषध ठरवता येते.

डोनेपेझिलसारखी औषधे काहींना काही काळ उपयोगी पडतात. आजार मुळातून बरा करणारे औषध नाही. "महिनाभरात स्मरणशक्ती परत" असे सांगून बाजारात पुड्या विकणारा भेटला, तर पैसे खिशात ठेवा.

एकाएकी बिघडले तर थांबू नका

आता एक फरक पक्का ध्यानात धरा. रोजची खालीवर होण्याची एक चाल असते आणि ती घरच्यांना माहीत झालेली असते. ती चाल मोडून माणूस एक-दोन दिवसांत, किंवा काही तासांतच, एकदम बेभान झाला, बडबडू लागला, नाहीतर उठवून उठेना झाला, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजून घरी बसू नका. जुनी माणसे याला सन्निपात म्हणत, वातात बडबडतो म्हणत. बहुतेक वेळा शरीरात दुसरेच काही पेटलेले असते आणि त्याचा धूर डोक्यातून निघत असतो.

कारणे अगदी साधी असतात. लघवीतला जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, चार दिवसांचा मलावरोध, तुंबलेली लघवी. आपल्या जिल्ह्यातले मे महिन्याचे ऊन पारा सत्तेचाळीसपर्यंत नेते, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान लागल्याचे कळत नाही. पाणी आटले की भान आटते. पावसाळ्यात आणि नंतर हिवताप. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणि नदीच्या अलीकडेही, तापात बरळणाऱ्या माणसाचे रक्त त्याच दिवशी तपासलेच पाहिजे. डोक्यात गेलेला हिवताप थांबत नाही. साखरेची गोळी सकाळी घेतली आणि रोवणीच्या धांदलीत दुपारचे जेवण राहून गेले, तर रक्तातली साखर उतरते, घाम सुटतो, माणूस भलतेच बोलतो. शुद्धीवर असेल तर तिथेच साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका, दवाखाना गाठा. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या, ज्या आपण दुकानातून मागून आणतो, त्यांनीही म्हाताऱ्याचे भान हरपते. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तरी दोन-तीन दिवसांत असेच होते, आणि तेही दवाखान्याचेच काम आहे.

एक कारण मात्र वेगळे सांगतो, कारण ते हुकते. बुढा महिना-दीड महिन्यापूर्वी मोरीत घसरला होता, डोक्याला टेंगूळ आले, उतरले, सगळे विसरले. आता तो कधी जागा, कधी झोपाळू, कधी बरा, कधी खुळा, असा होऊ लागला. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत गेले की असेच होते. सीटी स्कॅनमध्ये ते दिसते आणि शस्त्रक्रियेने कित्येक माणसे पुन्हा पहिल्यासारखी होतात. पडल्याची गोष्ट डॉक्टरला सांगितलीच नाही, म्हणून हा माणूस "म्हातारचळ" या नावाखाली खाटेवर संपून जाऊ नये.

त्याचप्रमाणे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता आणि थायरॉईड यांची तपासणी एकदा करून घ्यावी. मोतीबिंदू काढून घ्यावा. ऐकू येत नसेल तर कान तपासावा. धूसर दिसणे आणि अर्धवट ऐकू येणे यानेच निम्मा गोंधळ होतो. न दिसणाऱ्या-न ऐकणाऱ्याचा मेंदू लवकर खचतो, हे अलीकडच्या अभ्यासांतही दिसून आले आहे.

चांगल्या तासाचा कागद

आता कचेरीचे बोलू. गावात स्मृतिभ्रंशाची सगळ्यात मोठी भांडणे डोक्यावरून होत नाहीत, सातबाऱ्यावरून होतात. एक भाऊ म्हणतो, बाबांनी शुद्धीत बक्षीसपत्र दिले. दुसरा म्हणतो, बाबांना तेव्हा स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. बहीण म्हणते, मला तर कोणी कळवलेच नाही. तिघेही आपापल्या परीने खरे असू शकतात, कारण तिघांनी बापाला वेगवेगळ्या वेळी पाहिलेले असते.

गंमत अशी, की ज्या गोष्टीने गाव गोंधळते ती कायद्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२ व्या कलमात स्पष्ट आहे, की जो माणूस एरवी भानावर नसतो पण मधूनमधून भानावर येतो, तो भानावर असताना करार करू शकतो. आणि जो एरवी भानावर असतो पण मधूनमधून नसतो, त्याला भान नसताना करार करता येत नाही. मृत्युपत्राचेही तसेच. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचे ५९ वे कलम पाहा. एरवी वेडा समजला जाणारा माणूसही मधल्या शुद्धीच्या काळात मृत्युपत्र करू शकतो, असे ते सांगते. त्याच कलमाखालचे एक उदाहरण प्रत्येक तलाठ्याने आणि साक्षीदाराने वाचावे असे आहे. भोवताली काय चालले ते कळणारा, ओळखीच्या प्रश्नांची उत्तरे देणारा, पण आपली मालमत्ता काय आणि आपले वारस कोण हे नीट न कळणारा माणूस वैध मृत्युपत्र करू शकत नाही. म्हणजे "बाबा, तुमचं नाव काय? गाव कोणतं?" एवढे विचारून आणि मान हलली की अंगठा घेऊन भागत नाही.

मग विचारायचे काय? तुमची शेती किती आणि कुठे? मुले-मुली किती? हा कागद कशाचा? यावर अंगठा दिला तर उद्या शेत कोणाच्या नावावर राहील? दुसऱ्या पोरीला का देत नाही? ही उत्तरे त्याच्या शब्दांत आली पाहिजेत, पोराने बाजूने सांगता कामा नये. शक्य तर पोराला बाहेर बसवा. अर्ध्या तासाने तेच पुन्हा विचारा. उत्तर तेच आले तर बरे. सकाळी तो बरा असतो तर सकाळी बोलवा, दुपारी तीनला कचेरीच्या रांगेत उभे करून त्याची परीक्षा घेऊ नका. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नोंदणी अधिकाऱ्याला घरी येण्याची तरतूद १९०८ च्या नोंदणी कायद्यात आहे, ती मागा. त्याच दिवसाचे, त्याच वेळेचे डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडा. मागल्या वर्षीचे प्रमाणपत्र आजच्या भानाबद्दल काही सांगत नाही. आणि मुलींना आधी कळवा. हे कायद्यात लिहिलेले असो वा नसो, पुढची दहा वर्षे कोर्टात जाण्यापेक्षा एक फोन स्वस्त.

फेरफाराची नोंद घेताना तलाठ्याने हितसंबंधितांना नोटीस द्यायची असते आणि हरकतीला १५ दिवस असतात. आता सरकारने तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हटले आहे, पण पाटी बदलली तरी जबाबदारी तीच. ती नोटीस चावडीवर चिकटवून मोकळे होण्याऐवजी त्या म्हाताऱ्याच्या दारात एकदा सकाळी जाऊन बसलात, तर अर्धे तंटे तिथेच मिटतील. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय जाऊ शकत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही अंगठ्याचा कागद आधी आणि परवानगीची गोष्ट नंतर, असा उलटा क्रम कोणी सुचवला तर तिथेच थांबावे.

दोन गोष्टी घरच्यांसाठी. पुष्कळ लोक म्हणतात, आत्ताच मुखत्यारपत्र करून ठेवू, म्हणजे पुढे बाबांना काही कळेनासे झाले तरी आपले काम चालेल. तसे नाही. करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे देणाऱ्याचे भान कायमचे गेले की मुखत्यारपत्रही संपते. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागते, आणि आपल्यासाठी ते नागपूर. म्हणून बँकेत दोघांच्या नावे खाते, वारसाचे नामांकन, मृत्युपत्र ही कामे आजाराच्या सुरुवातीलाच, तो स्वतः सांगू शकतो तेव्हा करून घ्यावीत. दुसरी गोष्ट बक्षीसपत्राची. बापाने शेत मुलाच्या नावे करून दिले आणि मुलाने जेवण तोडले, असे झाले तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाखाली ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकते. उपविभागीय अधिकारी हेच त्या न्यायाधिकरणाचे काम पाहतात. पण "सांभाळ करण्याच्या अटीवर" ही ओळ कागदात हवी. ती ओळ लिहून घ्यायला अर्जनवीस विसरला तर तुम्ही आठवण द्या.

मोठ्यांच्या घरीही हे चुकत नाही. मुंबईचे कामगार पुढारी आणि देशाचे संरक्षणमंत्री राहिलेले जॉर्ज फर्नांडिस यांना अल्झायमर झाला. त्यांनी कुठे राहावे आणि त्यांना कोणी भेटावे, हा वाद २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. एका हाकेवर मुंबई बंद करणारा माणूस, आणि त्याला काय हवे हे विचारायची वेळ निघून गेलेली. २०१९ च्या जानेवारीत ते गेले.

करणी नव्हे

आपल्या जिल्ह्याला हे वेगळे सांगावे लागते, त्याचे वाईट वाटते. ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द या गावात जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. त्या प्रकरणाचा या आजाराशी संबंध होता असे म्हणणे नाही. पण विचार करा, रात्री एकटीच पुटपुटत फिरणारी, दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसणारी, न दिसणाऱ्या लेकरांशी बोलणारी एखादी बुढी. सकाळी तिला विचारले तर म्हणते, मी कुठे गेलीच नाही. संशय घ्यायला टपलेल्या गावाला आणखी काय लागते? रात्रीची ती बुढी आणि सकाळची ती बुढी या दोघी मिळून एक आजार आहे, हे पोलीस पाटलाला माहीत असले पाहिजे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण गुन्हा घडल्यानंतरच्या कलमापेक्षा आशाताईने आधी चार घरी जाऊन सांगितलेले दोन शब्द अधिक कामाचे.

भटकण्याचा धोका आपल्याकडे दुहेरी आहे. शहरातला म्हातारा हरवला तर रस्त्यावर सापडतो. आपल्याकडे गावाच्या शिवेपलीकडे झुडपी जंगल आणि त्यात वाघ-बिबट. मोह वेचायच्या, तेंदूपत्त्याच्या जुन्या सवयीने पाय आपोआप जंगलाकडे वळतात, तेही नेमके पहाटे किंवा सांजेला. दाराला वरच्या बाजूने कडी लावा, जी त्याच्या नजरेत येत नाही. कोंडून कुलूप मात्र घालू नका. आग लागली तर काय? खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन नंबर शिवून ठेवा. शेजाऱ्यांना, पानठेल्यावाल्याला आणि बस थांब्यावरच्या माणसाला सांगून ठेवा की बुढा एकटा दिसला तर बसवून घ्या, भांडू नका.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा मराठी चित्रपट कुठे पाहायला मिळाला तर जरूर पाहा. त्यातले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री, म्हणजे डॉ. मोहन आगाशे, हत्तीमागे चालत जातात आणि हरवतात. शिकलेल्या घराला न जमलेली गोष्ट हत्तीवाल्याच्या बायकोला जमते. ती त्यांना प्रश्न विचारत नाही, चुका दाखवत नाही, लेकरासारखी सांभाळते. ती भूमिका करणाऱ्या अमृता सुभाष यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

घरातही तेच करायचे आहे. "मले घरी पोचवून दे" असे म्हणणाऱ्याला "हेच घर आहे, कितीदा सांगू" असे म्हणून काही होत नाही. त्याच्या डोक्यातले घर कदाचित त्याच्या आईचे आहे, आणि ते कधीच पडले. त्याच्याबरोबर निघा. विहिरीपर्यंत जा, चार गोष्टी बोला, म्हणा, "मामाजी, अंधार पडला, आज इथंच जेवून घ्या, सकाळी जाऊ." बहुतेकदा तो वळतो. दिवस मावळायच्या आधी दिवे लावा. दुपारची झोप थोडकी ठेवा, सकाळी उन्हात बसवा, दिवसा सुपात धान निवडायला द्या, दोरी वळायला द्या. हात जुने काम विसरत नाहीत. संध्याकाळी चहा कमी, जेवण लवकर.

हे सगळे करते कोण? सून करते, नाहीतर म्हातारी बायको. मुलगा सकाळचा बाप पाहून शेतात जातो आणि दिवेलागणीच्या गोंधळात तो चौकात असतो. म्हणून त्याला बायकोचे बोलणे खोटे वाटते. रोवणीच्या दिवसांत तर बाईने चिखलात दिवसभर वाकायचे आणि रात्री बुढ्यामागे फिरायचे. भावाभावांनी शेताच्या वाटण्या करताना रात्रींच्याही वाटण्या कराव्यात, एवढेच म्हणतो.

कधी कधी अगदी शेवटी, खाटेला खिळलेला, महिनोन्‌महिने न बोललेला माणूस एकाएकी डोळे उघडतो, सगळ्यांना नावाने हाका मारतो, पाणी मागतो आणि एक-दोन दिवसांत जातो. दिवा विझताना मोठा होतो असे आपण म्हणतो. डॉक्टरांनाही हे माहीत आहे, त्याचे कारण मात्र अजून कोणाला उलगडलेले नाही. तो तास आला तर त्याच्याजवळ बसा. शाईचा डबा शोधू नका.

डॉक्टरकडे जाताना

आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, तिथून चंद्रपूरला. तिथे २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा आणि वृद्धांच्या अडचणींसाठी १४५६७ हा एल्डरलाइनचा फोन फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येते. एक अडचण मात्र सगळ्यांना येते. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा आणि आजार सांजेचा. डॉक्टरसमोर बुढा ताठ बसतो, नाव-गाव सांगतो, वर डॉक्टरलाच धानाचा भाव विचारतो, आणि घरचे खोटे पडतात. यावर उपाय सोपा आहे. पंधरा दिवस एका वहीत लिहा. किती वाजता ठीक होता, किती वाजता बिघडला, त्या दिवशी किती झोपला, काय खाल्ले, शौचाला झाली का, ताप होता का, कोणती गोळी कधी दिली. सांजेच्या वेळचे दोन मिनिटांचे चित्रण मोबाईलमध्ये करून ठेवा, गावात दाखवायला नव्हे, फक्त डॉक्टरसाठी. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून आणलेल्या आणि वैदूने दिलेल्यासुद्धा, एका पिशवीत घ्या. आणि बापाबरोबर मुलाने एकट्याने जाऊ नये. रात्री जी जागते, तिला सोबत न्यावे.